जोड

खोका मांजराच्या घराएवढा.
आत काळा मखमली खड्डा, खड्ड्यात ते:
अक्रोडाच्या लाकडाच्या दोन वाट्या, मेंढीच्या कातड्याच्या गाद्या,
आणि वायर इतकी ताठ
की टेबलावर सोडली तरी
खोक्यातलं वेटोळं विसरायला तयार नाही.

किंमत मी कोणाला सांगितलेली नाही.
वोयत्येखला म्हटलं, जुनेच आहेत, कुणीतरी दिले.
त्यानं पावती आधीच पाहिली होती.
"आजी, एवढ्यात तिन्ही खिडक्या बदलून झाल्या असत्या."
झाल्या असत्या.
मग ट्राम ऐकू आली नसती.

डोक्यावर चढवले. जड.
म्हणजे कुणी मागून येऊन
दोन्ही तळव्यांनी कान झाकावेत
आणि 'ओळख कोण' असं विचारूच नये, तसे.
पहिली दोन मिनिटं मी काहीच लावलं नाही.
फ्रीज गेला.
वरच्या मजल्यावरच्या रुझिच्काचा खोकला गेला.
उरलं ते माझंच: गिळलेला आवंढा,
चौऱ्याहत्तर वर्षांच्या जबड्याची बिजागरी.

तेहतीस वर्षं ब्रनोच्या रेडिओवर मी टेप कापली.
ब्लेड, पिवळी पेन्सिल, पांढरी चिकटपट्टी,
काप नेहमी तिरका.
द्राहोमीराची जोड देवालाही ऐकू येत नाही, म्हणायचे.
देवाचं नाव तेव्हा हळूच घेत,
आणि देव कुठले हेडफोन वापरतो
हे कुणी विचारलं नाही.

तर मग मी राडोवानचा चेलो लावला.
त्र्याऐंशीचा, फेब्रुवारीतला.

खर्ज खोल, पण मिरवत नाही.
वरचे सूर किंचित आंबट, हे लिहून ठेवायला हवं.
बो तारेला टेकण्याआधी राळेची धूळ ऐकू येते.
खुर्ची. आणि त्याची डावी नाकपुडी!
लहानपणी नाक मोडलेलं,
प्रत्येक लांब सुराआधी बारीकशी शीळ.
ही शीळ मी कशी विसरले?

चार मिनिटं अकरा सेकंद.
खोली बदलली.

सूर तोच, उंची तीच, बोचा दाबही तोच.
पण मागची हवा वेगळी.
मंगळवारी तो सगळं सुरेख वाजवला, एका सुराखेरीज.
शुक्रवारी त्या एकाच सुरासाठी पुन्हा आला.
शुक्रवारी बॉयलर बंद होता,
त्यानं कोट काढला नाही.
दीड सेकंद लोकरीची बाही लाकडाला घासते,
आणि मग पुन्हा मंगळवार,
पुन्हा रेडिएटरची टिकटिक.

इतकी वर्षं कानाडोळा स्वस्तात होत होता.

मी मागे नेलं. पुन्हा. अकरा वेळा.
आधी कारागिराची लाज.
मग कधीतरी, सातव्या-आठव्या वेळी, नुसती बाही.
राखाडी, कोपरावर रफू केलेली.
त्या दिवशी इमारतीत आम्ही दोघंच होतो.
चहाच्या ग्लासाभोवती बोटं शेकत तो म्हणाला,
एवढ्याशा तुकड्यासाठी तुला थांबवलं.
माझ्या डब्यातला अर्धा पाव खाल्ला.
बाकी काही नाही. खरंच काही नाही.
एप्रिलमध्ये तो लिन्झला वाजवायला गेला
आणि परतीच्या गाडीत नव्हता.
त्याच्या सगळ्या टेप पुसायचा हुकूम आला.
ही एक मी चुकीच्या डबीत ठेवली,
डबीवर लिहिलं: बीट लागवड, भाग चार.

वोयत्येखच्या डोक्यावर हेडफोन ठेवले.
"चार-अकराला. आलं ऐकू?"
"काय?"
तेवीस वर्षांचे कान.
"छान आहे," तो म्हणाला, "जरा संथ."
मला बरं वाटलं.
पुरतं बरं नाही.

परत करायची मुदत चौदा दिवस.
आज तिसरा.
खोका मी सुरीनं कापला, तिरका, सवयीनं,
आणि ट्रामच्या थांब्याजवळ
निळ्या पेटीत टाकून आले.